एकाच पायाची सूज : उतारवयात दबलेल्या शिरेविषयी

म्हाताऱ्या माणसाचा पाय सुजला म्हणजे घरातील माणसे बहुधा एकच बोलतात : "वय झाले." हे दोन शब्द उच्चारले की विचार करण्याचे काम संपते, आणि तेल कोमट करून पाय चोळण्याचे काम सुरू होते. वाचकहो, आजचा हा धडा त्या दोन शब्दांविरुद्ध आहे. दोन्ही पाय सुजणे ही एक गोष्ट आणि एकच पाय सुजणे ही दुसरी. एकाच पायाची सूज ही वयाची खूण कशी असेल? वय तर दोन्ही पायांचे सारखेच असते! अशा सुजेस काही तरी कारण असते, आणि कित्येकदा ते कारण पायात नसून बरेच वर, ओटीपोटाच्या आत, कण्याच्या पुढे असते. तेथे पायाकडून येणारी मोठी शीर एका धमनीखाली दबलेली असते. ही दबलेली शीर पोट न फाडता, सुईएवढ्या छिद्रातून मोकळी करता येते. आणि नुसते वय झाले म्हणून हा उपाय कोणास नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो सर्वांसच करावा असेही नाही. तो कोणास करावा व कोणास करू नये हे नीट समजावे म्हणून प्रथम शरीराची रचना पाहू.

हृदयातून जे रक्त बाहेर पडते ते धमन्यांतून अंगभर जाते, आणि शिरांतून परत येते. वैद्यकाच्या पुस्तकांत शिरांस नीला असे म्हणतात. धमनीच्या मागे हृदयाचा जोर असतो, म्हणून तिची भिंत जाड व ताठ असते. शिरेची भिंत पातळ आणि मऊ असते. तिला दाबले तर ती चपटी होते. पायातील रक्त तर उभ्या माणसाच्या शरीरात खालून वर चढवावयाचे असते. हे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळते आणि शिरेतील रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत लहान लहान पडदे असतात, ते झडपेसारखे मिटतात. हे पडदे इटलीतील पादुआ येथील फाब्रिसियस ह्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांस दाखविले. त्याच विद्यापीठात शिकून गेलेल्या विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्याने इ. स. १६२८ मध्ये रक्त अंगभर फिरून परत येते हे सिद्ध केले, आणि त्या पडद्यांचा खरा उपयोग तेव्हा जगास कळला. माणूस स्थिर उभा असता घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो; तो चालू लागला की हा दाब ३० च्या आसपास येतो. चालणे हे पायाच्या शिरांस औषध आहे असे डॉक्टर म्हणतात ते ह्याच कारणाने.

आता ज्याने शेतास पाणी दिले आहे त्यास पुढील गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. चर नीट काढलेला असेल तर जास्तीचे पाणी निघून जाते. त्या चराच्या तोंडाशी कोणी धोंडा टाकला तर पाणी मागे तुंबते, जमीन चिबड होते, आणि पिकाची मुळे कुजू लागतात. शेताच्या मध्ये उभे राहून कितीही माती उकरली तरी उपयोग नाही. धोंडा जेथे आहे तेथे जावे लागते. पायाचेही तसेच आहे. वर अडथळा असला तर रक्ताचा दाब खाली साठतो, रक्तातील पाणी शिरेबाहेर झिरपून मांसात उतरते, आणि त्यालाच आपण सूज म्हणतो. महिने व वर्षे असेच चालले तर घोट्याच्या आतील बाजूची कातडी काळसर व कठीण होते, खाज सुटते, आणि शेवटी तेथे एक व्रण पडतो, जो मलमपट्टी करूनही भरत नाही.

हा धोंडा बहुधा डाव्या बाजूस का असतो, हे शरीराच्या मांडणीवरून कळते. पोटातील मोठी धमनी कण्याच्या किंचित डाव्या अंगाने खाली येते, आणि हृदयाकडे जाणारी मोठी शीर तिच्या उजव्या अंगाने वर चढते. कमरेच्या चौथ्या मणक्याच्या सुमारास धमनीचे दोन फाटे होतात, एक डाव्या पायाकडे व एक उजव्या पायाकडे. उजवीकडे जाणाऱ्या फाट्यास मध्यरेषा ओलांडावी लागते. आणि डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेसही मोठ्या शिरेस मिळण्यासाठी तीच मध्यरेषा उलट दिशेने ओलांडावी लागते. दोघांची गाठ पडते. वर धमनी, खाली कण्याचे हाड, आणि मध्ये ही पातळ शीर. धमनी तर मिनिटास सत्तर वेळा ठोके देत असते. जन्मभर असे ठोके खाऊन शिरेच्या आतील अस्तरास घट्टे पडतात, आणि कधी कधी आत पडद्यासारखे किंवा दोरीसारखे धागे तयार होतात. मग नुसता दाबच राहत नाही, तर आतूनही वाट अडते.

डाव्या पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी अधिक वेळा होते, हे जर्मनीचा प्रख्यात वैद्य रुडॉल्फ विर्चो ह्याने इ. स. १८५१ मध्येच लिहून ठेवले होते, आणि त्याचा दोषही ह्याच धमनीकडे दिला होता. परंतु त्या गोष्टीकडे पुढे शंभर वर्षे फारसे लक्ष गेले नाही. इ. स. १९५७ मध्ये ऑस्ट्रियातील रॉबर्ट मे आणि योसेफ टर्नर ह्या दोघांनी ४३० मृत देहांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत शेकडा सुमारे २२ देहांत त्यांस डाव्या शिरेच्या आत असले घट्टे आढळले. त्यांच्या नावावरून ह्या विकारास मे-टर्नर विकार असे म्हणतात. पुढे १९६५ साली लंडनच्या फ्रँक कॉकेट व ली टॉमस ह्यांनी जिवंत रोग्यांची लक्षणे ह्या दबलेल्या शिरेशी जोडून दाखविली. असे शंभराहून अधिक वर्षांत थोडे थोडे करून हे ज्ञान जमले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण पुढील सर्व विचार तिच्यावर टेकलेला आहे. शेकडा बावीस देहांत घट्टे होते. पण शेकडा बावीस माणसांचे पाय सुजलेले नसतात. इ. स. २००४ मध्ये अमेरिकेत एक तपासणी झाली. पोटदुखीसाठी आलेल्या ५० माणसांची, ज्यांच्या पायास काहीच तक्रार नव्हती, सीटी स्कॅनची चित्रे पाहिली. तर जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या लोकांत ही शीर निम्म्याहून अधिक दबलेली दिसली. म्हणजे दाब असणे निराळे आणि रोग असणे निराळे. बहुतेकांच्या शरीरात रक्त आजूबाजूच्या लहान शिरांतून वाट काढते व माणसास काही कळतही नाही. तो दाब रोगाचे रूप केव्हा धरतो? जेव्हा दुसरे काही त्यात भर घालते तेव्हा: माणूस आजारपणाने अंथरुणास खिळतो, खुब्याचे हाड मोडते, पोटाची शस्त्रक्रिया होते, दोन दिवस गाडीत पाय लोंबकळत ठेवून प्रवास होतो, किंवा पोटरीचे स्नायू वयाने दुबळे होतात आणि झडपा ढिल्या पडतात. ह्यांतील बहुतेक गोष्टी उतारवयातच घडतात हे सांगावयास नको.

असे असूनही म्हाताऱ्यांत हा विकार ओळखला जाण्यास उशीर होतो. त्याचे एक कारण असे की, वैद्यकीय पुस्तकांत ह्याचे जे चित्र रेखाटलेले असते ते विशीपासून पन्नाशीपर्यंतच्या स्त्रीचे असते. सत्तरीची आजी समोर बसली म्हणजे ते चित्र डॉक्टरासही आठवत नाही. दुसरे कारण आपणच आहोत. आपण आजीस दवाखान्यात नेतच नाही. आणि तिसरे असे की, म्हातारपणी शिरेवर दाब आणणारी दुसरीही कारणे असतात. कण्याच्या मणक्यांस वाढलेली हाडे फुटून ती मागून शिरेस रेटतात. धमनी फुगून फुग्यासारखी होते व शिरेवर बसते. पुरुषांत प्रोस्टेटच्या वाढीमुळे मूत्राशय तुंबून मोठे होते, आणि तेही दाब देते. सर्वांत गंभीर म्हणजे ओटीपोटातील गाठ : गर्भाशयाच्या तोंडाचा, बीजकोशाचा, मूत्राशयाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग, किंवा त्यामुळे वाढलेल्या रसग्रंथी. म्हणून साठीच्या पुढे ज्याचा एकच पाय नव्याने सुजला त्याच्या पोटाची तपासणी केल्यावाचून उपचार सुरू करणे शहाणपणाचे नाही. पाय ही कधी कधी आतल्या रोगाची दवंडी असते.

आता सूज कशी पाहावी ते सांगतो. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्त कमी असणे ह्यांचा विचार आधी करावा. रक्तदाबाची ॲमलोडिपिन नावाची गोळी पुष्कळ वृद्ध घेतात, तिनेही दोन्ही घोटे सुजतात. एकच पाय सुजला असेल तर एका दोरीने दोन्ही पोटऱ्यांचा घेर गुडघ्यापासून सारख्याच अंतरावर मोजावा. तीन सेंटिमीटरांहून अधिक फरक असला तर ती गोष्ट डॉक्टरास सांगण्यासारखी आहे. सूज सकाळी कमी व संध्याकाळी अधिक असते का, मांडीपर्यंत चढते का, चालताना पाय फुटेल असा ठणका लागून खाली बसून पाय वर केल्यावर थांबतो का, घोट्याच्या आतल्या अंगास कातडी काळी पडली आहे का, हेही पाहून ठेवावे. डॉक्टराजवळ वेळ थोडा असतो. नेमकी माहिती घेऊन गेलेल्या माणसाचे काम लवकर होते.

विदर्भातील वाचक येथे विचारतील, की हा हत्तीपाय तर नव्हे? प्रश्न योग्य आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा ह्या भागांत डासांपासून होणाऱ्या हत्तीरोगाने कित्येकांचे पाय सुजले आहेत, आणि तेथे एक पाय सुजला की लोक ते नाव घेऊन मोकळे होतात. हत्तीरोगात रसवाहिन्या बिघडतात. सूज पावलाच्या पाठीवर व बोटांवर उतरते, कातडी जाड व सुरकुतलेली होते, आणि मधून मधून तापाचे झटके येतात. शिरेच्या विकारात बोटे बहुधा मोकळी राहतात व काळेपणा घोट्यावर असतो. परंतु जुनाट झाल्यावर दोन्ही रोग एकमेकांसारखे दिसू लागतात, म्हणून केवळ डोळ्यांनी निवाडा करू नये. हत्तीरोगाच्या गावात राहणाऱ्या माणसास शिरेचा रोग होत नाही असे कोठे लिहिलेले नाही.

चोळण्याविषयी मात्र स्पष्टच सांगितले पाहिजे. पाय अचानक, एक-दोन दिवसांत, सुजला असेल, तो गरम लागत असेल व पोटरी दाबल्यावर दुखत असेल, तर शिरेत रक्त साकळून गुठळी झाली असण्याचा संभव आहे. असा पाय चोळल्याने ती गुठळी सुटून रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसात जाऊ शकते. एकाएकी दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, भोवळ येऊन पडणे, ही त्याची लक्षणे होत. आणि अशा वेळी उद्या सकाळची एस.टी. पाहत बसणे म्हणजे माणूस गमावणे होय. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेलाने मालीश, बिब्बा घालणे, डाग देणे, गरम विटेचा शेक, ह्यांपैकी काहीही सुजलेल्या एका पायास करू नये. हे उपाय करणारे लोक वाईट हेतूने करीत नाहीत हे आम्हांस ठाऊक आहे; परंतु हेतू चांगला असल्याने गुठळी जागेवर राहत नाही.

दवाखान्यात पहिली तपासणी बहुधा पायाच्या सोनोग्राफीची असते, जिला डॉपलर म्हणतात. तिने मांडीतील व पोटरीतील गुठळी चांगली दिसते. परंतु ओटीपोटातील शीर आतड्यातील वायूच्या मागे लपलेली असते, म्हणून पायाची सोनोग्राफी स्वच्छ आली तरी वरची शीर मोकळी आहे असे ठरत नाही. ती पाहण्यास सीटी स्कॅन किंवा एम.आर.आय. लागतो. ह्या तपासण्याही सर्वस्वी निर्णायक नव्हेत. त्या निजलेल्या माणसावर होतात, आणि ज्याने दिवसभर पाणी घेतले नाही त्याची शीर रोगावाचूनही चपटी दिसते. सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे शिरेच्या आत सोनोग्राफीचा बारीक दांडा घालून आतूनच वाट मोजणे. इ. स. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० रोग्यांची शीर प्रथम रंगद्रव्य घालून क्ष-किरणांनी पाहिली व नंतर ह्या आतल्या सोनोग्राफीने. तर ५७ जणांच्या उपचाराचा बेत बदलावा लागला. शिवाय हिच्या साह्याने रंगद्रव्य थोडे पुरते, आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडांस ते रंगद्रव्य सोसत नाही, म्हणून वृद्धांच्या बाबतीत हा लाभ लहान नव्हे.

उपचार कोणता करावयाचा? सूज थोडी असेल, व्रण नसेल, गुठळी नसेल, तर प्रथम साधेच उपाय : रोज चालणे, बसताना पाय उंच ठेवणे, वजन आटोक्यात राखणे, आणि डॉक्टरांनी मापाने दिलेले घट्ट लवचिक मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढविणे. मोजे घालण्यापूर्वी पावलातील नाडी तपासून घेतलीच पाहिजे. ज्याच्या धमन्या मधुमेहाने किंवा तंबाखूने अरुंद झाल्या आहेत, ज्याचे पाऊल थंड पडते, रात्री पाय खाली सोडल्यावर बरे वाटते, त्यास घट्ट मोज्याने बोटे काळी पडण्याचे भय असते. गुठळी झाली असेल तर रक्त पातळ करणारी औषधे हा मुख्य उपचार. गुठळी विरघळविणारे जोराचे औषध नळीने शिरेत सोडण्याचाही एक मार्ग आहे. परंतु २०१७ साली अमेरिकेतील ६९२ रोग्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत असे दिसले की, त्याने पायाची जुनाट सूज व त्रास एकंदरीत टळला नाही, आणि मोठा रक्तस्राव मात्र अधिक जणांस झाला. त्या चाचणीत ७५ वर्षांवरील कोणास घेतलेलेच नव्हते. म्हणून वृद्धांस ते औषध सरसकट देत नाहीत.

आणि जेव्हा शीर खरोखर दबलेली आहे, पाय खरोखर आजारी आहे, आणि साधे उपाय करून महिने गेले तरी व्रण भरत नाही किंवा चालणे अशक्य झाले आहे, तेव्हा शीर मोकळी करण्याचा विचार होतो. पूर्वी ह्यासाठी पोट उघडीत. युरुग्वे देशातील एदुआर्दो पाल्मा ह्याने १९६० च्या सुमारास चांगल्या पायाची शीर सोडवून ओटीपोटावरून आजाऱ्या पायाकडे वळविण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. म्हणजे एका शेताचा पाट दुसऱ्यात नेण्यासारखेच ते. युक्ती चांगली होती, पण सत्तरीच्या माणसास ती सोसणे कठीण.

छिद्रातून उपचार करण्याची विद्या धमन्यांवर प्रथम सुरू झाली, आणि तिची सुरुवात एका म्हाताऱ्या बाईच्या पायापासून झाली हे ऐकून वाचकांस कौतुक वाटेल. अमेरिकेतील पोर्टलंड गावी इ. स. १९६४ च्या जानेवारीत ८२ वर्षांची एक स्त्री इस्पितळात होती. धमनी अरुंद झाल्याने तिच्या पायाची बोटे सडू लागली होती. पाय कापावा असे शस्त्रवैद्यांचे मत पडले, आणि बाईने साफ नकार दिला. तेव्हा चार्ल्स डॉटर ह्या डॉक्टराने धमनीत एक तार घालून तिच्यावरून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकविल्या व वाट रुंद केली. पाऊल गरम झाले, दुखणे थांबले, आणि ती बाई पुढे दोन वर्षांहून अधिक काळ, मरेपर्यंत, स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली. पुढे १९७४ साली झुरिक येथील आंद्रेआस ग्रुंट्झिग ह्याने नळीच्या टोकास फुगा बसविला. ओटीपोटातील शिरेसाठी ही रीत १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. नुसत्या फुग्याने तेथे काम भागत नाही, कारण फुगा काढला की धमनी पुन्हा शिरेवर बसते. म्हणून तेथे धातूच्या जाळीची नळी कायमची ठेवावी लागते. हिला स्टेंट म्हणतात. पुष्कळ स्टेंट निकेल व टायटेनियमच्या ज्या मिश्रधातूचे असतात तो धातू अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेत तयार झाला; दबलेला पुन्हा आपल्या मूळ आकारास येतो हा त्याचा गुण. लढाईच्या कारखान्यातून निघालेली वस्तू आजीच्या पायास उपयोगी पडावी, ही एक मौजच.

प्रत्यक्ष क्रिया अशी होते. रोग्यास मेजावर निजवून जांघेत किंवा मांडीत थोडी जागा बधिर करतात. पुष्कळदा संपूर्ण भूल द्यावी लागत नाही, थोडे गुंगीचे औषध पुरते. ज्याचे हृदय व फुप्फुस भूल सोसणार नाही अशा वृद्धास हाच मोठा आधार आहे. सोनोग्राफीने पाहत पाहत सुई शिरेत घालतात, सुईतून तार, तारेवरून बारीक नळी. शीर आतून मोजतात, फुग्याने रुंद करतात, आणि मग जाळी सोडतात. ती आपोआप उमलून शिरेच्या भिंतीस चिकटते. तिची रुंदी बहुधा १४ ते १८ मिलिमीटर असते, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढी. मग नळी काढून छिद्रावर दाब धरतात. टाके घालावे लागत नाहीत किंवा क्वचित एखादा लागतो. रोगी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतो. कमरेत काही दिवस दुखते; ते जाळी उमलल्याचे दुखणे असते व हळूहळू जाते.

फळ किती मिळते? अमेरिकेतील नेग्लेन व राजू ह्या शस्त्रवैद्यांनी अशा ९८२ पायांचा वृत्तान्त २००७ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या शिरेत पूर्वी गुठळी झाली नव्हती त्यांच्या जाळ्या सहा वर्षांनंतर शेकडा ७९ कोणत्याही दुरुस्तीवाचून खुल्या होत्या. ज्यांस गुठळी होऊन गेली होती त्यांच्या शेकडा ५७. ह्या दोन आकड्यांतील अंतर नीट पाहावे. शीर नुसती दबलेली असताना उपचार झाला तर वाट टिकते. गुठळीने आतून खराब झाल्यावर झाला तर कमी टिकते. "वय झाले" म्हणून गमाविलेल्या वर्षांची किंमत ह्या अंतरात आहे.

तोटेही सांगितले पाहिजेत. छिद्रातून रक्तस्राव होतो. जाळीत पुन्हा रक्त साकळते. आणि क्वचित जाळी सुटून हृदयाकडे सरकते, जे प्राणावर बेतू शकते. शिरांसाठी खास बनविलेल्या जाळ्यांस अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली, आणि त्यांतील एका प्रकारची जाळी सरकण्याच्या तक्रारींमुळे २०२१ साली परत मागविण्यात आली. म्हणून ज्याच्या पायास काही त्रास नाही, पण चित्रात शीर दबलेली दिसते, त्याने केवळ चित्रासाठी जाळी बसवून घेऊ नये. कोणी तसा आग्रह धरला तर दुसऱ्या डॉक्टराचे मत घ्यावे; त्यात पहिल्याचा अपमान नाही. उलट, खरोखर आजारी असलेल्यास "आता ह्या वयात कशाला?" असे म्हणून परत पाठविणे हेही तितकेच चुकीचे. वय पाहावयाचे नाही. मूत्रपिंड कसे आहेत, रक्त पातळ करणारे औषध सोसेल काय, माणूस चालता-फिरता आहे काय, आणि पाय बरा झाला तर तो काय करू इच्छितो, हे पाहावयाचे.

हा उपचार मोठ्या शहरांतील रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांकडे होतो व खर्चाचा आहे. आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांस, मिळकत न पाहता, घेण्यात येते. पण आपला नेमका उपचार व ते इस्पितळ यादीत आहे की नाही हे जाण्यापूर्वी विचारावे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना लागू असलेल्या इस्पितळांत आरोग्यमित्र म्हणून माणूस नेमलेला असतो, तो ही माहिती देतो. आधारकार्ड, रेशनकार्ड आणि जुने सर्व कागद एका पिशवीत घालून न्यावेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, आयोडीनची किंवा कोणत्याही औषधाची ॲलर्जी असेल, तर ते रंगद्रव्य देण्यापूर्वी सांगावे, कारण मागाहून सांगून उपयोग होत नाही.

घरी परतल्यावर खरी काळजी सुरू होते, आणि ती बहुधा सुनेच्या किंवा नातवाच्या हाती असते. रक्त पातळ करणारी गोळी ठरलेल्या वेळी द्यावी. बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नये, आणि एक चुकली म्हणून दुसऱ्या वेळी दोन देऊ नयेत. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या ह्या औषधाबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होतो. कोणतीही जडीबुटी डॉक्टरास न विचारता देऊ नये. शौच काळे डांबरासारखे झाले, लघवीत रक्त दिसले, किंवा म्हातारे माणूस पडून डोक्यास मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी दवाखान्यात न्यावे. रात्री मोरीकडे जाण्याच्या वाटेवर दिवा ठेवावा आणि उंबऱ्याजवळची घागर हलवावी. व्रण असेल तर तो रोज स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी बांधावी; शीर मोकळी झाल्यावरही तो भरण्यास महिने लागतात. डॉक्टर सांगतील त्या तारखांस सोनोग्राफी करून जाळी खुली आहे याची खात्री करून घ्यावी, आणि पोटरीचा घेर त्याच दोरीने दर आठवड्यास मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवावा.